पेटीवरचं नाव, आतलं जहाज

जुन्या प्लॅस्टिक किटची पेटी हाती आली की बहुतेकांचा पहिला उद्योग म्हणजे तुकडे मोजणं. डोलकाठ्या मोडल्यात का, अंगाचे दोन अर्धे वाकलेत का, माहितीपत्रक जागेवर आहे का, कागदी झेंडे पिवळे पडलेत का. हे पाहायला हवंच. पण यातली एकही तक्रार अशी नाही की जिच्यावर चार संध्याकाळी आणि थोडे पैसे खर्चून इलाज होणार नाही. ज्याला इलाज नाही तो दोष पेटी उघडल्यावर दिसतच नाही. तो मोजावा लागतो.

वाफ आणि शीड अशी दोन्ही अंगं असलेल्या जहाजांची जी थोडी किटं निघाली, त्यातलं एक नामांकित किट या प्रकरणात तपासायला घेऊ. अमेरिकेतल्या रेव्हेल कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला सीएसएस अलाबामा बाजारात आणलं, प्रमाण १:९६. त्याच सुमारास, त्याच प्रमाणात, त्याच कंपनीने यूएसएस किअरसार्जही काढलं. ही दोन जहाजं एकमेकांची वैरी. एकाने दुसऱ्याला समुद्राच्या तळाशी धाडलं. दुकानातल्या फळीवर मात्र ती शेजारी शेजारी विकली गेली आणि त्यांचं नातं वैराहून बरंच जवळचं निघालं.

आधी खऱ्या जहाजांकडे जाऊ, कारण खरं जहाज ठाऊक असल्याशिवाय किटचं मोल ठरवणं म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं वजन करणं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांजवळ आरमार म्हणावं असं काही नव्हतं. त्यांनी इंग्लंडात गुपचूप जहाजं बांधून घ्यायला सुरुवात केली. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड आहे. तिथल्या लेअर्ड यांच्या गोदीत एक लाकडी जहाज उभं राहत होतं. गोदीच्या वहीत त्याची ओळख फक्त क्रमांक २९० अशी. मे १८६२मध्ये ते ‘एनरिका’ या नावाने पाण्यात उतरलं. इंग्लंड या युद्धात तटस्थ होतं, त्यामुळे लढाऊ जहाज उघडपणे बाहेर काढणं शक्य नव्हतं. २९ जुलैला चाचणीच्या फेरीचं निमित्त झालं, डेकवर पाहुणे मंडळी जमली, जहाज नदीबाहेर पडलं. पाहुण्यांना वाटेत दुसऱ्या बोटीत बसवून परत पाठवलं. जहाज काही परतलं नाही. अझोर्स बेटांजवळ त्याच्यावर तोफा आणि कोळसा चढला, २४ ऑगस्टला दक्षिणेचा झेंडा चढला आणि एनरिकाची अलाबामा झाली. कप्तान होता राफाएल सेम्स.

पुढच्या बावीस महिन्यांत अलाबामाने उत्तरेची सुमारे ६५ जहाजं पकडली आणि त्यातली बहुतेक जाळून टाकली. तिचं सगळं यश एका दुहेरीपणात होतं. तिच्यात वाफेचं यंत्र होतं, पण कोळसा मावायचा अवघा अठरा दिवसांचा. कोळसा घ्यायचा तर परक्या बंदरात जावं लागणार, आणि बंदरात गेलं की ठावठिकाणा शत्रूला कळणार. म्हणून सेम्स एरवी शिडांवरच फिरे. धुराडं दुर्बिणीच्या नळीसारखं एकात एक सरकवून खाली घेता येई. पाण्यातला पंखा दांड्यापासून सोडवून, पिछाडीला ठेवलेल्या विहिरीवजा पोकळीतून वर ओढून घेता येई, म्हणजे तो पाण्यात अडसर होत नसे. असं आवरून घेतलेली अलाबामा लांबून साधं व्यापारी शिडाचं जहाज वाटे. सावज जवळ आलं, की मग धूर.

जानेवारी १८६४मध्ये ती हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरही येऊन गेली. ‘एमा जेन’ नावाचं अमेरिकन जहाज तिने मलबारच्या समुद्रात जाळलं आणि त्यावरच्या लोकांना त्रावणकोरच्या किनाऱ्यावर अंजेंगोला उतरवून दिलं. तेव्हा मुंबईत याच युद्धाचा दुसरा अंक रंगात होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवून धरलेली, लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकन कापसावाचून ओस पडलेल्या, आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला न भूतो असा भाव आलेला. शेअरदलाल प्रेमचंद रायचंदांचा दबदबा, बॅकबेच्या भरावाचे वाऱ्यावर विकले जाणारे शेअर, आणि १८६५मध्ये युद्ध संपताच झालेली धूळधाण, हे सगळं त्या नाकेबंदीच्या पोटचं. सेम्सचा मुंबईशी थेट संबंध काही नाही. तो अंजेंगोहून पश्चिमेला आफ्रिकेकडे निघून गेला.

किअरसार्जची गोष्ट सरळ आहे. ती उत्तरेच्या आरमाराने आपल्याच सरकारी गोदीत, मेन राज्यातल्या किटरीला बांधली. ११ सप्टेंबर १८६१ला ती पाण्यात उतरली. न्यू हॅम्पशायरमधल्या एका डोंगराचं नाव तिला दिलेलं. पळवापळवी नाही, खोटं नाव नाही. मधोमध फिरत्या बैठकीवर दोन प्रचंड डालग्रेन तोफा. त्यांच्या नळीचं भोक ११ इंचांचं आणि एकेकीचं वजन सुमारे ७ टन. असं ओझं डेकच्या मध्यरेषेवरून या कडेला त्या कडेला फिरवायचं तर जहाजाला रुंदी हवी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येणार आहे.

१९ जून १८६४, रविवार. फ्रान्सच्या शेरबूर बंदराबाहेर दोघींची गाठ पडली. वाफेच्या बळावर दोघी एकमेकींभोवती गोल गोल फिरत, दोघींच्याही उजव्या कुशी समोरासमोर ठेवून, तासभर लढल्या. किनाऱ्यावरच्या उंचवट्यांवर माणसांची जत्रा लोटली होती. अलाबामाने दुपटीहून जास्त गोळे डागले, पण तिची दारू समुद्रावर दीर्घकाळ राहून सादळली होती. तिचा एक मोठा गोळा किअरसार्जच्या पिछाडीच्या खांबात, सुकाणूच्या मुळाशी घुसला आणि फुटलाच नाही. फुटता तर निकाल उलटा लागला असता, असं तेव्हापासून म्हटलं जातं. खांबाचा तो तुकडा, पोटातल्या गोळ्यासकट, आज वॉशिंग्टनच्या नौदल संग्रहालयात आहे. अलाबामा पिछाडीकडून बुडाली. सेम्सला ‘डीअरहाउंड’ नावाच्या इंग्लिश यॉटने पाण्यातून उचललं आणि इंग्लंडला नेलं, त्यामुळे किअरसार्जचा कप्तान जॉन विन्स्लो याचा कैदी निसटला. पुढे १८७२ साली जिनिव्हाच्या लवादाने अलाबामा आणि तिच्या बहिणींनी केलेल्या नुकसानीपोटी इंग्लंडला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले. एका जहाजाने इतका महागडा दावा क्वचितच मागे ठेवला असेल.

आता पेटीकडे.

प्लॅस्टिक किटच्या धंद्यात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे पोलादी साचा. प्लॅस्टिक स्वस्त, पेटी स्वस्त, चित्रकाराची फी त्यामानाने किरकोळ. साचा एकदा कापला की त्यातून होईल तितकं काढून घ्यायचं, आणि शक्य असेल तर त्याच साच्यातून दुसरं जहाजही काढायचं. रेव्हेलने ही युक्ती पुन्हा पुन्हा वापरली. १९५९ साली आलेली त्यांची कटी सार्क गाजली, तर तिच्याच साच्यावरून पुढे थर्मोपिली निघाली. डार्विनचं बीगल म्हणून जे किट विकलं गेलं ते मुळात बाउंटीचं. आणि अलाबामाचं अंग किअरसार्जच्या साच्यावरून. काही भाग बदलले, पेटीवर दुसरं चित्र छापलं, नावाची पट्टी बदलली. मारणारीच्या अंगावर मरणारीचं नाव लागलं.

हे कुणी सांगायची गरज नाही. मोजपट्टी सांगते. १:९६ म्हणजे खऱ्या जहाजाचे ८ फूट किटमध्ये १ इंच. किअरसार्जची लांबी सुमारे २०१ फूट, म्हणजे किटमध्ये जवळजवळ ६४ सेंटिमीटर. अलाबामाची लांबी सर्वसाधारणपणे २२० फूट दिली जाते, म्हणजे जवळजवळ ७० सेंटिमीटर. फरक ६ सेंटिमीटरांचा. रुंदीत उलटा हिशेब: किअरसार्ज ३३ फूट १० इंच, अलाबामा ३१ फूट ८ इंच. म्हणजे किटमध्ये १०७ मिलिमीटर आणि १०० मिलिमीटर. अलाबामाच्या पेटीतलं जहाज लांबीला कमी आणि रुंदीला जास्त भरतं, एकाच वेळी.

मोजताना एक काळजी घ्यायची. जहाजाची ‘लांबी’ हा सरळ आकडा नसतो. कुणी खालच्या कण्याची लांबी देतो, कुणी पुढच्या आणि मागच्या खांबांमधलं अंतर, कुणी डेकची पूर्ण लांबी. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या भागाच्या, टोकाला पुढे आलेली तिरकी काठी धरून मोजणारेही भेटतात, आणि पेटीवर छापलेली मॉडेलची लांबी हमखास अशीच असते, कारण ती मोठी दिसते. तेव्हा एकाचा कणा आणि दुसऱ्याचं डेक असं मापायचं नाही. पण मोजण्याची रीत बदलून पाच-सात फूट इकडचे तिकडे झाले तरी एक गोष्ट हलत नाही, ती म्हणजे लांबी आणि रुंदीचं गुणोत्तर. किअरसार्जचं सहाच्या आसपास, अलाबामाचं सातच्या. मी जुनं किट तपासताना पहिल्यांदा हेच काढतो. दोन्ही अर्धे रबर लावून एकत्र धरायचे, व्हर्नियर कॅलिपरने सर्वांत फुगीर जागी रुंदी घ्यायची, लांबीला तिने भागायचं. प्रमाण काय छापलंय, फूट किती, इंच किती, कशाचीच गरज पडत नाही.

सहा आणि सातमधला फरक कागदावर किरकोळ दिसतो. डोळ्याला तो ताबडतोब कळतो. लेअर्डच्या गोदीने सावजाचा पाठलाग करणारं, सडपातळ, सुमारे १३ नॉट वेगाचं जहाज काढलं होतं. तिच्या आठ तोफांपैकी सहा कडेला मांडलेल्या होत्या, मधोमध फिरत्या बैठकीवर फक्त दोन. किअरसार्ज त्या ७ टनी तोफांसाठी ऐसपैस बसवलेली. वरून पाहिलं तर एक सुरी आणि एक होडी. अलाबामाच्या किटवर कितीही सुंदर रंगकाम केलं, दोरन् दोर नीट ओढला, तरी बघणाऱ्याला ती गुबगुबीतच वाटते आणि का वाटते ते त्याला सांगता येत नाही.

हा दोष दुरुस्त करता येईल का? मधोमध कापून ६ सेंटिमीटरांचा तुकडा घालणं जमवता येतं, हौशी लोक तसं करतातही. पण रुंदी कमी करायची तर अंग उभं चिरावं लागेल, डेक नव्याने कापावं लागेल, नाळ आणि पिछाडी दोन्हींचे वळसे पुन्हा घडवावे लागतील. इतकं केल्यावर किटचं उरलं काय? तेवढ्या कष्टात लाकडाचं जहाज शून्यातून उभं राहतं.

कंपनीच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो. अलाबामाचे अवशेष सापडले ते १९८४ साली, फ्रेंच नौदलाच्या ‘सिर्से’ या सुरुंगशोधक बोटीला, शेरबूरबाहेर सुमारे ६० मीटर खोलीवर. तिथून तोफा, भांडी, सुकाणूच्या चाकावरची पितळ असं पुष्कळ वर आलं. किट काढणाऱ्यांना यातलं काही मिळणं शक्य नव्हतं, त्यामुळे डेकवरच्या बारकाव्यांच्या चुका माफ. अंगाच्या मापाची चूक माफ करणं मला जड जातं. खुद्द सेम्सचं आठवणींचं जाडजूड पुस्तक १८६९मध्ये छापलं गेलं होतं आणि त्यात जहाजाची मापं दिलेली आहेत. त्याने तर लांबी २३० फूट सांगितली आहे, म्हणजे फरक आणखी वाढतो. रुंदी ३२ फूट. माहिती हाताशी होती, साचाही हाताशी होता. साचा जिंकला.

त्याच पुस्तकात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. अलाबामाच्या डोलकाठ्यांना धरून ठेवणारे दोर वाखाचे नव्हते, स्वीडिश लोखंडी तारेचे होते. आणि खालच्या डोलकाठ्या नेहमीपेक्षा लांब, म्हणजे आडव्या शिडांखेरीज उभी-तिरकी मोठी शिडंही चढवता यावीत. या एका माहितीने किटमधल्या दोरांचा अख्खा विभाग निकालात निघतो. त्या काळच्या किटमध्ये डोलकाठ्यांवर चढायच्या दोरांच्या जाळ्या तयार मिळत, प्लॅस्टिकचा थर दिलेल्या दोऱ्याच्या. नव्या असतानाही त्या जाड आणि तेलकट, आणि पन्नास-साठ वर्षं घडी होऊन पडल्यावर त्यांना पडलेले मोड जात नाहीत. त्यात तार वाखाच्या दोरापेक्षा त्याच ताकदीला कितीतरी बारीक असते. म्हणजे अलाबामावर त्या जाळ्या दुप्पट चुकीच्या. सरळ फेकून द्याव्यात. बारीक काळा दोरा घेऊन आडवी पायरी न् पायरी गाठवायची. खऱ्या जहाजावर दोन पायऱ्यांत साधारण १५ इंच अंतर असे, म्हणजे किटमध्ये ४ मिलिमीटर. माणसाचा पाय जिथे पडतो तिथे मापाची चूक लगेच उघडी पडते. १:९६मध्ये पुरता वाढलेला माणूस १८ मिलिमीटरांचा. १८ मिलिमीटरांची एक काडी कापून जवळ ठेवावी आणि ती सुकाणूच्या चाकापाशी, तोफेपाशी, जिन्याच्या दारापाशी उभी करून पाहावी. जिथे तो काडीचा खलाशी गुडघ्यात वाकल्याशिवाय आत शिरू शकत नाही, तिथे किटवाल्याने हात आखडता घेतलेला आहे.

तीच काडी डेकच्या लाकडावर आडवी ठेवली की दुसरा घोटाळा दिसतो. जुन्या किटवाल्यांना फळीवर लाकडाच्या रेषा उमटवायची भारी हौस. प्लॅस्टिकवर ०.२ मिलिमीटर खोल रेघ ओढली तर खऱ्या जहाजावर ती जवळजवळ २ सेंटिमीटरांची चरी होते. असल्या डेकवर अनवाणी खलाशी चालणार तरी कसा? प्रायमरचा एक भरदार हात आणि बारीक सँडपेपर, एवढ्याने हे काम निभतं. पाण्याखालच्या तांब्याच्या पत्र्यांचंही तसंच. खरा पत्रा सामान्यतः ४ फूट लांब आणि १४ इंच रुंद, म्हणजे १:९६मध्ये साडेबारा मिलिमीटरांवर जरा आणि पावणेचारांना थोडा कमी. किटवर पत्रे कोरलेले असतील तर दोन-चार मोजून पाहायला हरकत नाही. चुकले असतील तर घासून सपाट करावेत. तांब्याच्या रंगाच्या सपाट तळाबद्दल आजवर कुणाची तक्रार ऐकलेली नाही.

आता वाफ आणि शीड या जोडीचा खरा पेच. या काळच्या किटमध्ये शिडं पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यातून, उष्णता आणि निर्वात दाबाने ओढून केलेली असत, वाऱ्याने फुगलेली. पेटीवरच्या चित्रात तर शिडं तट्ट फुगलेली आणि धुराड्यातून काळाकभिन्न धूर, दोन्ही एकदम. अनुकूल वारा असताना दोन्ही वापरत, त्यात अशक्य काही नाही. पण अलाबामाचं आयुष्य बहुतेक एका वेळी एकाच अवतारात गेलं. मॉडेल करणाऱ्याने आधी प्रसंग ठरवावा. पूर्ण शिडांवर ती भक्ष्याची वाट पाहत असेल तर धुराडं खाली आणि पंखा वर ओढलेला हवा, पिछाडीला पोकळीत फक्त रिकामी चौकट दिसायला हवी. शेरबूरची सकाळ दाखवायची असेल तर धुराडं उभं, शिडं परबाणांवर, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या काठ्यांवर, आवरलेली. अशा वेळी त्या फुगीर प्लॅस्टिक शिडांचा काहीच उपयोग नाही आणि ती गेली तर वाईट वाटून घेऊ नये, कारण वर्षानुवर्षांनी ती पिवळी आणि ठिसूळ होतात, कडांना तडकतात. आवरलेलं शीड पातळ कागदातून, पांढरा गोंद आणि पाणी लावून, अप्रतिम होतं.

किअरसार्जच्या बाबतीत प्रसंगाऐवजी साल ठरवावं लागतं. १८६३मध्ये तिच्या दोन्ही कुशींवर, यंत्राच्या जागेसमोर, नांगराची जड साखळी उभ्या ओळींत टांगली गेली आणि वरून इंचभर जाडीच्या फळ्या मारून काळा रंग दिला गेला. लढाईनंतर सेम्सने या ‘लपवलेल्या चिलखता’बद्दल पुष्कळ आगपाखड केली. ही झाकलेली जागा ४९ फूट ६ इंच लांब आणि ६ फूट २ इंच उंच होती. १:९६मध्ये १५.७ सेंटिमीटर बाय जेमतेम २. म्हणजे शेरबूरच्या किअरसार्जच्या कुशीवर ही चपटी पेटी उठून दिसायलाच हवी, आणि १८६२ची किअरसार्ज दाखवायची असेल तर ती नसायला हवी. पातळ प्लॅस्टिक शीटची एक पट्टी, संध्याकाळभराचं काम. चित्रकार एदुआर मानेने या लढाईचं चित्र काढलं ते वर्तमानपत्रांतलं वाचून. नंतर तो बुलोन्यला उभी असलेली किअरसार्ज पाहून आला आणि तिचंही चित्र काढलं. दोन्ही चित्रं सुंदर आहेत, पण त्यांच्यावरून पट्टीची उंची ठरवायला जाऊ नये.

राहता राहिलं प्लॅस्टिक. पॉलिस्टायरिन टिकाऊ असतं, फक्त उष्णता आणि दाब यांनी ते हळूहळू रूप बदलतं. माळ्यावर पत्र्याखाली चार उन्हाळे काढलेल्या पेटीत अंगाचे अर्धे आत किंवा बाहेर कलतात. ते साधारण ६० ते ७० अंशांच्या गरम पाण्यात थोडे नरम करून, हाताने धरून, गार पाण्याखाली सरळ करता येतात. उकळतं पाणी वापरू नये, शंभराच्या आसपास पॉलिस्टायरिन ढिलं पडायला लागतं आणि मग हातात राहते ती जिलबी. कडेने आलेला पातळ पापुद्रा म्हणजे साच्याचे दोन भाग घट्ट बसले नव्हते. हा पापुद्रा जितका जास्त तितका साचा तेव्हा झिजलेला, म्हणजे बहुधा नंतरचं उत्पादन. जाड भागांवर पडलेले खळगे पुट्टीने भरतात. वरच्या बारीक डोलकाठ्या आणि परबाणं मात्र बदलूनच टाकावीत. प्लॅस्टिकची बारीक काठी दोऱ्याचा ताण सोसत नाही, वर्षभरात धनुष्य होते. पितळी सळी घालावी. अशी डोलकाठी पेटीत मोडलेली असली तर उलट बरं, विकणाऱ्याशी घासाघीस करायला मुद्दा मिळतो.

पेटीचं साल ठरवायला फार लांब जावं लागत नाही. कडेला व्हेनिस, कॅलिफोर्निया असा पत्ता असेल तर पेटी १९८६च्या आधीची. त्या वर्षी रेव्हेल मोनोग्राम कंपनीशी जोडली गेली आणि कारभार इलिनॉयमधल्या मॉर्टन ग्रोव्हला गेला. जर्मनीतल्या ब्युंडेचा पत्ता असेल तर ती रेव्हेलच्या जर्मन शाखेची छपाई. सील न फोडलेल्या पहिल्या पेटीला संग्राहक भरपूर पैसे मोजतात, आणि मोजू देत, तो वेगळा शौक आहे. न उघडलेल्या पेटीतलं गुणोत्तर कुणीच काढलेलं नसतं.

मला दोन्ही पेट्या एकाच किमतीला मिळत असतील तर मी डोळे झाकून किअरसार्ज घेईन, झाकण फाटलेलं असलं आणि शिडं गहाळ असली तरी. तिचं अंग तिचंच आहे, बाकी सगळं भरून काढता येतं, आणि पिछाडीच्या खांबात २ मिलिमीटरांच्या ड्रिलने एक भोक पाडलं की तो न फुटलेला ७ इंची गोळाही आपल्या जागी बसतो. अलाबामा फुकट मिळाली तरी घेईन, पण सुट्या भागांसाठी: तोफा, होड्या, डेकवरचं सामान. खरी अलाबामा हवी असेल त्याने गोदीच्या आराखड्यावरून लाकडाच्या पट्ट्या कापायला बसावं, आणि पहिली पट्टी कापायच्या आधी सातने भागून पाहावं.